इंग्रजी परत कसं आणायचं?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर मराठी लिहायला मदत मिळते. वाचनालय ‘ब’ वर्गाचं. अनुदान बेताचं, जागा त्याहून बेताची. पण दोन कॉम्प्युटर चालू स्थितीत आहेत आणि ग्रंथपालबाईंचा या कामाला मनापासून पाठिंबा आहे. मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक असं सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं. कोणी विचारलं की सांगायचं, एवढंच सुरुवातीला होतं. त्याला पुढे रीत कशी येत गेली ते लिहावंसं वाटतं, कारण अशी मदत गावोगावी पुष्कळ जण करतात आणि प्रत्येकाला पाटी कोरी असल्यासारखी सुरुवात करावी लागते.

येणारी माणसं कोण असतात? आत्मचरित्र लिहायला घेतलेले निवृत्त गुरुजी. ग्रामपंचायतीत नुकतीच लागलेली मुलगी. कथा दिवाळी अंकाला पाठवायची आहे आणि संपादकांनी ‘युनिकोडमध्ये पाठवा’ म्हटलंय (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत), म्हणून कागद घेऊन आलेल्या काकू. जुन्या मराठी टाइपरायटरवर ज्यांचा हात वाऱ्यासारखा चालायचा ते कोर्टातले टायपिस्ट. यांतलं कोणीही भाषेत कच्चं नाही. गुरुजींच्या शुद्धलेखनाला बोट लावायला जागा नसते. त्यांचं अडतं ते एका बटणाशी, आणि ते बटण कोणतं हे त्यांना विचारताही येत नाही.

माहिती कमी आहे असं मुळीच नाही. मराठी टायपिंग शिकवणारी पानं, चित्रफिती, पुस्तिका, कीबोर्डचे तक्ते भरपूर आहेत. मी सुरुवातीला त्याच छापून भिंतीवर चिकटवल्या. लोक तक्त्यापुढे उभे राहायचे, एकदा वरून खाली नजर फिरवायचे आणि माझ्याकडे वळून विचारायचे, “ताई, माझी वेलांटी गोलावर का चढते?” तक्त्यात त्याचं उत्तर होतं. पण ते ‘स्वरचिन्हांचा क्रम’ या मथळ्याखाली होतं. आपल्या अडचणीला स्वरचिन्हांचा क्रम म्हणतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तक्त्याची फारशी गरजच नसते. इथेच घोडं पेंड खात होतं.

म्हणून एक वही केली. त्यात प्रश्न लिहायचा तो विचारणाऱ्याच्या तोंडचा, जसाच्या तसा. सुधारायचा नाही, तांत्रिक भाषेत बसवायचा नाही. शेजारी तो कशावर लिहीत होता ते, आणि शेवटी कशाने सुटलं ते. काही महिन्यांनी ती वही वाचायला बसले तेव्हा पुढच्या सगळ्या कामाची दिशा मिळाली. वहीत असे प्रश्न होते:

“मोबाइलवर बरोबर दिसतं, इथे चौकोन का?”

“ज्ञानेश्वर लिहिता येत नाही.”

“दुसरा लिहिता येतं, दुसऱ्याला लिहिता येत नाही.”

“ते युनिकोड कुठून विकत घ्यायचं?”

आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न: “इंग्रजी परत कसं आणायचं?”

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण मी पाहिलेल्या एकाही पुस्तिकेची सुरुवात त्याने झालेली नव्हती. पुस्तिका मराठी कसं आणायचं ते सांगतात. नव्या माणसाला मात्र आधी परतीची वाट हवी असते. घरचा कॉम्प्युटर मुलाचा किंवा सुनेचा. त्यावर मराठी चालू केलं आणि ते जाईनासं झालं तर? ही भीती पोकळ नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी, चालू राहिला आणि एखाद्या संकेतस्थळावर पासवर्ड टाकायची वेळ आली, तर टाकलेलं सगळं ठिपक्यांत दिसतं. आत मराठी अक्षरं पडताहेत हे कळायला मार्ग नसतो. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला, खातं बंद पडलं. एका काकांनी एवढ्यासाठी बँकेची फेरी मारली आणि पुढे मराठीचं नावच टाकलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे पहिला धडा हाच. विंडोजमध्ये मराठी जोडलेली असली की विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि खालची लांब पट्टी दाबायची, मराठी येतं. पुन्हा तेच केलं की इंग्रजी येतं. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी भाषेची खूण बदलते, ती बघायची. एकही शब्द लिहायच्या आधी हे पाच-दहा वेळा करून घेते. जा, ये, जा, ये. माणूस खुर्चीत सैल होऊन बसलेला दिसला की पुढे जाते. मोबाइलवर कीबोर्डावरच्या पृथ्वीगोलाच्या खुणेने हेच करता येतं.

आता वेलांटी. ही तक्रार बहुतेक वेळा जुन्या टायपिस्टांची असते. टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. छपाईच्या जुन्या फॉन्टमध्येही आम्ही तसंच करायचो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे: आधी क, मग इकार. डावीकडे नेऊन बसवायचं काम कॉम्प्युटर करतो. वेलांटी आधी दाबली तर तिला टेकायला अक्षर नसतं, म्हणून ती ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. ते वर्तुळ म्हणजे ‘इथे अक्षर हवं होतं’ अशी सूचना. कोर्टातल्या त्या टायपिस्टांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे बोलतो तसं लिहायचं?” अगदी तसंच. मग त्यांना ‘किती’ लिहायला दिलं. इन्स्क्रिप्टवर के म्हणजे क, एफ म्हणजे वेलांटी, एल म्हणजे त, आर म्हणजे दुसरी वेलांटी. त्यांची बोटं सवयीने दर वेळी आधी वेलांटीकडे जायची. उभी हयात एका क्रमाने काम केलेल्या हाताला दुसरा क्रम लावणं सोपं नाही. त्यांच्यासारख्यांसाठी जुनी रेमिंग्टन मांडणी, म्हणजे टाइपरायटरचीच, चालवून आतल्या आत क्रम बदलून घेणारी साधनंही मिळतात. त्यांनी शेवटी तेच घेतलं आणि मला ते योग्य वाटतं. ज्याला ताशी पानं काढायची आहेत त्याला नव्याने धुळाक्षरं गिरवायला लावण्यात अर्थ नाही.

‘ज्ञानेश्वर’चा प्रश्न वेगळा. आपण मराठी माणसं ‘द्न्य’ असा उच्चार करतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनावर माणूस डी-एन-वाय-ए लिहितो. काही साधनं ओळखून ‘ज्ञा’ सुचवतात, काही मुकाट्याने ‘द्न्या’ उमटवतात. खरं तर ते जोडाक्षर ज आणि ञ यांचं. ज, त्याचा पाय मोडायचा, मग ञ. इन्स्क्रिप्टवर पाय मोडायचं बटण डी. हे एकदा समजलं की क्ष (क आणि ष), त्र (त आणि र), श्र (श आणि र) ही सगळी मंडळी एका फटक्यात हाताशी येतात. शाळेत पाय मोडायला सगळेच शिकलेले असतात, त्यामुळे मी ‘हलन्त’ शब्द वापरत नाही. ‘पाय मोडा’ म्हटलं की गुरुजींपासून सातवीतल्या मुलापर्यंत सगळ्यांना कळतं.

आणि ‘दुसऱ्याला’. हा प्रश्न खास आपल्या भाषेचा, म्हणून माझ्या जिव्हाळ्याचा. र चा पाय मोडून य जोडला तर रफार होतो: सूर्य, आचार्य, दर्या. मराठीला याखेरीज आणखी एक र लागतो, आडवा, हलका उच्चारायचा: दऱ्या, वाऱ्या, आचाऱ्याला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात जेवणाच्या पंगतीचा फरक पडतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबलं की खाली ठिपका असलेला ऱ येतो. त्याचा पाय मोडून य दिला की हवं ते मिळतं. काही साधनं हेच रूप दुसऱ्या रीतीने करतात, साधा र, मोडलेला पाय आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. कागदावर दोन्ही सारखं दिसतं. पण शोधायला गेलं की एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने सापडेलच असं नाही. एका लेखकाच्या हस्तलिखितात ‘तिसऱ्या’ हा शब्द शोधला तर अर्धेच सापडायचे. दोन वेगवेगळ्या माणसांनी टाइप केलेलं होतं. विसर्गाचंही असंच होतं. ‘अंतःकरण’मध्ये विसर्गाच्या जागी लोक इंग्रजी कोलन देतात. दिसायला तेच, शोधायला मात्र दुसराच शब्द.

चौकोनांबद्दल सांगायचं ते थोडकं. चौकोन दिसला म्हणजे अक्षर हरवलेलं नाही. समोरच्या यंत्रातल्या फॉन्टकडे त्या अक्षराचं चित्र नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या मोबाइलवर ‘ॲप’ लिहिलेलं चौकोन होऊन येतं. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रारही असते. अक्षर तेच, वळण फॉन्टचं. मराठी वळणाचा फॉन्ट निवडला की काम झालं.

वहीतून असा माल जमल्यावर मी कागद तयार करायला घेतला. एकाच पानाचा, मोठ्या टाइपात. डावीकडे प्रश्न वहीतल्या शब्दांत, उजवीकडे काय दाबायचं ते. वर पहिलीच ओळ इंग्रजी परत आणण्याची. ‘युनिकोड विकत घ्यावं लागत नाही, तुमच्या यंत्रात ते आहेच’ ही दुसरी. कागद झाल्यावर मी तो काकूंना दिला आणि शेजारी हात बांधून बसले. बोलायचं नाही, असं ठरवूनच. त्या ‘टास्कबार’ शब्दापाशी थांबल्या, तिथे ‘स्क्रीनच्या खालची पट्टी’ केलं. ‘स्पेसबार’पाशी थांबल्या, तिथे ‘खालची लांब पट्टी’ आली. ‘सिलेक्ट करा’ त्यांना बरोबर कळलं, ‘निवडा’ म्हटल्यावर मात्र कशाने निवडायचं असं विचारलं. तिथे इंग्रजी शब्दच राहू दिला. रोजच्या बोलण्यात जो शब्द आहे तो ठेवायचा, मग तो कुठल्याही भाषेतला असो, हे तिथे पक्कं झालं. प्रत्येक नव्या माणसाबरोबर कागदाची एखादी ओळ बदलत गेली. खाली महिना आणि वर्ष लिहितो, कारण सेटिंगची पानं बदलत राहतात. विंडोजमध्ये २०१९ साली मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा) आला तेव्हा पूर्वीचे छापील तक्ते अपुरे पडले, आणि लोक जुना कागद घेऊन नवं यंत्र चालवत बसलेले मी पाहिले आहेत.

लोक हमखास विचारतात की फोनेटिक शिकू की इन्स्क्रिप्ट. मी स्पष्ट सांगते. चार ओळींचा निरोप लिहायचा असेल तर मोबाइलवर जे जमतं ते उत्तम. रोज पानभर लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट शिका. ही मांडणी १९८६ साली सरकारी पातळीवर ठरली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ त्याच्या वरच्या ओळीत. शिकायला दोन-तीन आठवडे जड जातात, पण नंतर मराठी लिहिताना मनात इंग्रजी स्पेलिंग करावं लागत नाही, न-ण आणि ल-ळ यांची गल्लत होत नाही. शिवाय हीच मांडणी गुजराती, बंगाली, तेलुगू अशा बाकीच्या भारतीय लिप्यांनाही चालते. ग्रामपंचायतीतल्या मुलीने हट्टाने शिकून घेतली; आता तिच्या कार्यालयात तिलाच सगळे विचारतात.

मदतीला कॉलेजची मुलंमुली येतात, राष्ट्रीय सेवा योजनेतली. हुशार, उत्साही. त्यांना एकच गोष्ट जड जाते, ती म्हणजे माउस समोरच्याच्या हातात ठेवणं. ते पटकन माउस घेतात, तीन ठिकाणी टिचक्या मारतात, “झालं काका!” काकांचं काम होतं, पण काका पुढच्या शनिवारी तोच प्रश्न घेऊन येतात. म्हणून नियम केला की समोरच्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, बोटाने दाखवायचं आणि तोंडाने सांगायचं. ‘सोपं आहे’ हे शब्दही बंद केले. ज्याला ते जमत नाहीये त्याला सोपं आहे म्हटलं की तो पुढचा प्रश्न गिळतो, आणि न विचारलेला प्रश्न वहीत येत नाही. ‘गुगल करा’ हेही बंद केलेलं वाक्य. मराठीत शोधायला मराठी लिहिता यावं लागतं, आणि तेच तर शिकायला तो आलेला असतो.

त्याऐवजी विचारायला शिकवतो. घरी अडलं तर मुलाला, नातीला किंवा कुणालाही विचारताना तीन गोष्टी सांगा: कशावर लिहीत होता, काय दाबलंत, आणि काय दिसलं. “मराठी येत नाही” एवढ्यावर कोणीही मदत करू शकत नाही. “लॅपटॉपवर, वेलांटी दाबली, ठिपक्यांचा गोल आला” असं सांगितलं तर लांब बसलेला माणूसही अर्ध्या मिनिटात उत्तर देतो. शक्य असेल तर स्क्रीनचा फोटो पाठवा. गुरुजींना ही रीत फार पटली. ते आता फोनवर इतकं नेमकं वर्णन करतात की मला डोळ्यांपुढे त्यांचा स्क्रीन दिसतो. त्यांचं पुस्तक निम्म्यावर आलंय.

सध्या ज्या कागदावर काम चालू आहे तो जुन्या फायलींचा, आणि हा माझ्या स्वतःच्या धंद्यातला विषय. एक बाई सासऱ्यांनी टाइप करून ठेवलेल्या ओव्यांची फाइल घेऊन आल्या. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं. घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की फाइल बिघडली, आता काढून टाकू. ती बिघडलेली नव्हती. युनिकोड रुळायच्या आधी फॉन्टवाले इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायचे. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, मोठा बी आणि एच असा असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की उघडं इंग्रजी. प्रत्येक फॉन्टची जागावाटणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात घातला की शब्दांचा चुराडा होतो. आम्ही फॉन्ट ओळखला, रूपांतर करून घेतलं आणि मग ओळ न् ओळ वाचली. यंत्राने केलेल्या रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर आणि वेलांटी आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘धर्म’चं ‘धमर्’ झालेलं नजरेने पकडावं लागतं. त्या ओव्या आता बाईंच्या मुलीच्या मोबाइलवर वाचता येतात.

या नव्या कागदाची पहिली ओळ ‘फाइल पुसू नका, ती बिघडलेली नाही’ अशी आहे. खाली आणायच्या वस्तू: मूळ फाइल, तिच्यावर काही न करता; फॉन्टचं नाव आठवत असेल तर ते; आणि त्या मजकुराचा एखादा जुना छापील कागद घरात सापडला तर तो नक्की. छापील कागद असला की फॉन्ट ओळखायला आणि तपासायला निम्मा वेळ लागतो. ही तीन वाक्यं मी पुन्हा काकूंना वाचायला दिली आहेत, त्यांनी ‘मूळ फाइल’ या शब्दांवर पेन्सिलीने खूण केली आहे.